बदामी की गव्हाळी

डाग कसलाही असो, धुराचा, ओलीचा, पोरांनी सांडलेल्या शाईचा, हा रंगारी तो असा गिळायचा की त्याला सगळे डागखाऊच म्हणत. चाळीस वर्षांत त्याच्या रंगाखालून एक म्हणून डाग वर आला नव्हता.

शिवणवाल्या मावशीनं त्याला बोलावलं ते नवऱ्याच्या डोक्यापायी. नवरा जन्मभर खुर्चीत बसून भिंतीला डोकं टेकायचा. गेला तो तेलाचा गोल डाग मागं ठेवून. त्या डागासमोर डोळा लागेना, म्हणून चार महिने मावशी स्वयंपाकघरात पथारी टाकत होती. लेकानं बजावलं होतं, महिनाअखेर खोलीत निजायला लाग, नाहीतर माझ्याकडं चल. आणि मावशीला आपलं घर, आपलं मशीन सोडायचं नव्हतं.

डागखाऊनं भिंत खरवडली, भेगांत लांबी भरली, अस्तर मारलं. मग समोरच्या कोऱ्या भिंतीवर दोन पट्टे ओढले, एक बदामी, एक गव्हाळी. फरक जुळ्या बहिणींएवढा. रंग तीन उजेडांत बघायचा हा त्याचा शिरस्ता. सकाळी बदामी उजवा वाटला, दुपारी गव्हाळी. तिन्हीसांजेला बघतो तर बदामीवर गोल, ओलसर डाग. बोट लावलं, बोटाला केसांच्या तेलाचा वास.

मावशीच टेकली असणार, असं तो आडून बोललाही. मावशीनं गळ्यातली टेप काढली. जुन्या डागाची उंची तिला पाठ होती. नवा मापला, सुताचा फरक नाही. मग स्वतः खुर्चीत बसून दाखवलं. तिचं डोकं चार बोटं खाली आलं.

“जन्मात काही निवडलं नाही त्यांनी,” ती म्हणाली. “पडदे विचारा, भाजी विचारा, तू बघ म्हणायचे. आता सुचतंय.”

तिनं बदामी पट्टा डागासकट ठेवायला लावला, बाकी खोली गव्हाळी. पट्ट्याखाली खुर्ची, शेजारी मशीन. त्या दिवसापासून ती तिथंच निजू लागली आणि लेकाचं तोंड बंद झालं. डागखाऊच्या मात्र जिवाला लागलं.

पंधरवड्यानं तो रंग कसा बसलाय बघायच्या निमित्तानं गेला. बेत हा, की बदामीवर गुपचूप एक हात मारायचा. झोप कशी दगडासारखी लागते, हे मावशी मशीनवरूनच सांगत होती. त्याचं लक्ष भिंतीकडं. बदामीवरचा डाग होता तिथंच. त्याला लागून गव्हाळीवर दुसरा, चार बोटं खाली.

“टेकून बसता वाटतं?” त्यानं विचारलं.

“मी कुठली? दुसरी खुर्ची अजून आणायचीय,” म्हणत मावशीनं सुईत दोरा ओवला.

डागखाऊच्या पिशवीतला कुंचला पिशवीतच राहिला.