पालथा झोपलेला गोलकीपर

"डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "आजच मुंबईला जा. उद्या नको."

मी म्हणालो, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात माझं बहरीनचं विमान आहे."

"विमान विसरा. आधी डोळा."

वसईतल्या त्या छोट्या दवाखान्यात बाहुली मोठी करणारं औषध माझ्या डोळ्यांत घातलं होतं. त्यामुळे डॉक्टरांचा चेहराही मला नीट दिसत नव्हता. शेजारी बसलेली माझी बायको फिलोमिना एवढंच म्हणाली, "चला." मला मात्र राग आला होता. डॉक्टरांचा, डोळ्याचा, सगळ्यांचाच. गोलकीपरला गोल झाल्यावर आधी राग येतो, दुःख मागाहून होतं.

या आजाराला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याच्यावर चित्र उमटतं. तो फाटला की डोळ्यातलं पाणी फटीतून त्याच्या मागे शिरतं, आणि ओल धरलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा तो सुटत जातो. दुखत नाही. हीच यातली वाईट गोष्ट आहे. दुखलं असतं तर मी आधी गेलो असतो.

मी कोण ते सांगतो. वसईजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत उड्या मारत मी गोलकीपिंग शिकलो. गावच्या संघातून खेळताना एका ओळखीच्या माणसाने बहरीनमधल्या बांधकाम कंपनीला माझं नाव सुचवलं. कागदावर मी स्टोअर हेल्पर होतो, पण मला नेलं होतं ते शुक्रवारच्या मॅचसाठी. तिथे कंपन्यांचे संघ एकमेकांशी खेळायचे आणि आमचे मल्याळी मॅनेजर फुटबॉलपुढे जेवण विसरायचे. मैदान खडीचं. कोपर, गुडघे कायम सोललेले. पण परक्या देशात शेकडो माणसं आपल्या नावाने ओरडतात, त्याची चटक लागते. काही वर्षं मी त्या ओरडण्यावर जगलो. नव्वदीच्या दशकातली अखेरची वर्षं होती ती.

सुट्टीवर गावी आलो तेव्हा आमच्या चर्चच्या सणाच्या फुटबॉल स्पर्धेची तयारी चालली होती. इनास हा माझा लहानपणापासूनचा मित्र, आमचा सेंटर फॉरवर्ड. सरावात त्याने जवळून मारलेला बॉल माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. थोडी सूज आली, बर्फ लावला, विषय संपला. गोलकीपरच्या तोंडावर बॉल बसायचाच.

मग डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगू लागले. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. आणि एके दिवशी डाव्या बाजूला, खाली, जमिनीलगत सावली दिसली. मी काय केलं असेल? मला वाटलं, खांबाची सावली असेल, ऊन उतरलंय. सावली हलेना, तेव्हा मीच डावीकडे अर्धं पाऊल सरकून उभा राहू लागलो. दुसऱ्या कुणी डॉक्टर गाठला असता, मी जागा बदलली. एका मॅचमध्ये डावीकडून, जमिनीलगत, एकामागून एक गोल गेले. बाहेरून पोरं ओरडली, "बहरीनचा माल हाय, वाकत नाय!" लोक हसले, मीही हसलो. घरी येऊन उजवा डोळा झाकून पाहिलं, तर फिलोमिनाचं अर्धं तोंड नव्हतं.

हे वाचणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ठिपके, चमक, सावली यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सावली मधोमध आली की वेळ निघून गेलेली असते. माझी आली होती.

मुंबईच्या हॉस्पिटलात व्हिट्रेक्टॉमी झाली. म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात, पडदा लेसरने चिकटवतात आणि तो दाबून धरायला आत गॅस भरतात. गॅस वर चढतो, म्हणून मागचा पडदा वरच्या बाजूला यावा यासाठी पेशंटने तोंड खाली ठेवायचं. दिवसरात्र. जेवताना, झोपताना, देवाचं नाव घेतानासुद्धा.

"आणि डोळ्यात गॅस आहे तोवर विमान बंद," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळा कायमचा जातो. गॅस जायला दोन महिने धरा."

फिलोमिनाने बूथवरून मॅनेजरना फोन लावला. ते वाईट बोलले नाहीत. "ठीक होके आओ," म्हणाले. आणि वर, "लेकिन कीपर तो चाहिए."

घरी आमच्या नवारीच्या खाटेचे डोक्याकडचे दोन पट्टे सोडून तोंडापुरती जागा केली. मी त्यातून खाली बघत पालथा पडून राहायचो. सबंध जग म्हणजे एक लादी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला शेजारी जमायचे, मी त्यांना पायांवरून ओळखायचो. भेटायला आलेले लोक माझ्या पाठीशी बोलायचे. एका मावशीने तर पाठीवरच क्रूस काढला. दिवसा मी सगळ्यांवर खेकसायचो. मान जळायची. मनात एकच हिशेब चालायचा, गॅस कधी जाईल, मी कधी उडेन, माझ्या जागी कोण उभा राहिला असेल?

इनास आला नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

मग एका दुपारी उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेले पाय लादीवर येऊन थांबले. मग इनास खाटेखाली शिरला आणि उताणा झोपला. बऱ्याच दिवसांनी मला समोरासमोर माणसाचं तोंड दिसलं.

"आता दिसतो का मी?" त्याने विचारलं.

"एका डोळ्याने."

"मीच मारला तो बॉल."

मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात चीर जुनीही असेल, खडीवर किती वेळा आपटलोय मी.

"डॉक्टर होता काय तिथं? मी होतो. मला ठावं हाय किती जोरात मारला."

मला रडू आलं. पालथ्या माणसाला डोळे लपवता येत नाहीत. पाणी सरळ त्याच्या कपाळावर पडलं. त्याने ते पुसलं नाही. म्हणाला, "ह्ये औसध हाय काय?"

"हो," मी म्हणालो, "महाग आहे."

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा आणि खाटेखाली उताणा पडून गावभरच्या बातम्या सांगायचा. फिलोमिना चहा आणून द्यायची, त्याला कुशीवर वळून प्यावा लागायचा.

पुढे मान वर करायची परवानगी मिळाली. डोळ्यातला गॅस मला बुडबुड्यासारखा दिसायचा, गवंड्याच्या लेव्हलच्या काचेत हलतो तसा. तो लहान होत गेला, मण्याएवढा झाला आणि एका सकाळी नव्हता. मी आनंदाने ओरडलो. त्याच महिन्यात बहरीनहून निरोप आला, दुसरा कीपर घेतलाय.

डॉक्टरीणबाईंनी शेवटची तपासणी केली. पडदा बसला होता. पण मॅक्युला, म्हणजे बारीक दिसणारा मधला भाग, बराच वेळ सुटलेला राहिला होता. "मोठी अक्षरं दिसतील. पण अंतराचा अंदाज दोन्ही डोळे मिळून घेतात. तुमचा चुकत राहणार."

"फुटबॉल?"

"बघा की. खेळू नका."

मी विरारला एका गोदामात स्टोअर सांभाळू लागलो. काम माहितीचं होतं. तरी मनातला कीपर ऐकेना. काही महिन्यांनी मी इनासला चर्चमागच्या मैदानावर नेलं. तुम्ही हे करू नका, डॉक्टरांचं ऐका. मी हातमोजे घातले आणि गोलमध्ये उभा राहिलो.

त्याने मारला, मी धरला. पुन्हा मारला, पुन्हा धरला. मला वाटलं, अरे, जमतंय की! मग माझ्या लक्षात आलं, बॉल सरळ माझ्या छातीवर येत होता, शाळेतल्या मुलीला द्यावा तसा.

"इनास, नीट मार."

"नाय मारनार."

"अरे, मला कळू दे ना! दुसऱ्या कुणाकडून कळायला नकोय मला."

तो मागे गेला. कमरेवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला. मग धावत आला आणि मारला. बॉल त्याच्या पायापासून सुटला तेवढा दिसला. मी हात पसरला, तिथे काहीच नव्हतं. मागे जाळी वाजली.

मला राग आला नाही. गोल खाऊन राग न येण्याची ही पहिलीच वेळ. मी हातमोजे काढले. इनास तिथेच उभा राहून रडत होता, म्हणून मीच त्याच्याकडे चालत गेलो.

डोळा वाचवल्याबद्दल मी डॉक्टरीणबाईंचा ऋणी आहे. फिलोमिनाचं ऋण तर मोजण्यातलं नाही. पण आजारातून मी उठलो तो त्या दिवशी, त्या मैदानावर. आपल्याला खरं दाखवायला जिवाभावाच्या माणसाला किती बळ लागतं, ते मी पाहिलं. त्या किकबद्दल मी अजूनही इनासचे आभार मानतो, आणि तो अजूनही म्हणतो, विषय बदल.