तोड्याचा एक्स-रे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मी कोल्हारला शाळेत जायचो तेव्हा ती लोकांच्या कांद्यात खुरपायची आणि संध्याकाळी मला पुस्तक उघडून बसवायची. पुढे तिला देवळाली प्रवऱ्याकडे दिली. तिथं पाणी मुबलक, ऊस मुबलक. अक्कल मात्र कोरडवाहू.

यंदा उसाला पाणी देताना ती बांधावरून घसरली. घोट्याच्या वर पाय सुजला. तेल-हळद चोळून सूज उतरेना, तेव्हा तिला एक्स-रे काढायला नेलं. काढणाऱ्यानं पायातला चांदीचा तोडा काढायला सांगितलं. लग्नात घातलेला तो जाड तोडा सुजेत रुतून बसला होता. कापावा लागेल म्हटल्यावर सासूबाई आडव्या आल्या. "सवाष्णीचा पाय मोकळा करायचा न्हाई. काढा तसाच फोटू." त्या माणसालाही जेवायची घाई असावी. त्यानं तसाच काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला न धरला असं करून हाड शाबूत असल्याचं सांगितलं.

हे ऐकून मी रविवारी गेलो. एक्स-रे कॅलेंडरखाली खिळ्याला टांगलेला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा ठेवायचा, एक्स-रे काढून दाराच्या उजेडात धरायचा आणि चहा प्यायचा. चहा अर्थात लंगडत अक्काच करत होती.

"लई जड चांदी हाय की!" तिचे चुलत सासरे म्हणाले.

"मग! आमच्याच घरनं घातलीय," सासूबाई फुलून म्हणाल्या.

दुसऱ्यानं तो उलटा धरून गुडघा ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. त्या एक्स-रेत गुडघा नव्हताच.

मी पाहिलं. नडगीच्या खाली पांढरा जाड पट्टा, आणि अक्काला दुखत होतं ते नेमकं त्या पट्ट्याखाली. मी म्हणालो, "दाजी, हा तोड्याचा फोटो आहे, पायाचा नाही. तोडा कापून परत काढू."

"काय पाव्हनं, बी. ए. झाला की डागदर झाला व्हय?" दाजी हसले. त्यांच्याबरोबर चहा पिणारेही हसले.

"डॉक्टर नाही झालो. पण चांदी आणि हाड वेगळं ओळखता येतं."

"येवढं दुखत असतं तर भाकरी थापल्या असत्या का तिनं?" सासूबाईंनी विचारलं. जणू त्या घरात न थापण्याची सोय होती.

मी अक्काकडे पाहिलं. "तू सांग."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, खाली बसली आणि पाय सासूबाईंपुढे केला. "आत्या, लई दुखतंय. तोडा परत जोडता यील."

मग कुणी हसलं नाही आणि सासूबाईही आडव्या आल्या नाहीत. सोनारानं तोडा कापला. नव्या एक्स-रेत, तोडा होता बरोबर तिथंच, बाजूचं बारीक हाड तिरपं मोडलेलं निघालं. "पयल्या फोटूत दिसलंच न्हाई की!" दाजी म्हणाले, एक्स-रेनंच त्यांना फसवल्यासारखं.

त्या घरातला फोन दाजींच्या खिशात असतो आणि स्पीकरवर बोलतो. मधे कुणीतरी तोंड घालतंच. म्हणून मी पत्र लिहिलं.

"प्रिय अक्का,

प्लास्टर निघेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी दाजींच्या देखत सांगितलं आहे. दाजींना आठवत नसेल म्हणून लिहितो. भाकरी दुसरं कुणी थापेल. पाहुण्यांचा चहा सासूबाई करतील, म्हणजे पाहुणेही कमी होतील. नवा एक्स-रे खिळ्याला लावू नकोस; त्यात दाखवण्यासारखी चांदी नाही. तोडा जोडायची घाई नको. दुसऱ्या पायात एक आहे, सवाष्णपण तेवढ्यावर भागेल.

तू मला बसवून शिकवलंस. आता माझं ऐक आणि बसून राहा. कुणी उठवलं तर मी येतो आणि तुला माहेरी नेतो.

हे पत्र मोठ्यानं वाच. ओसरीपर्यंत ऐकू जाऊ दे.

तुझा भाऊ"