कठड्यावरचा हात

मार्ली हॅचला धर्मप्रचाराच्या मिशनसाठी नॉर्वेत येऊन चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिने ती दर सोमवारी अमेरिकेत आयडाहोला असलेल्या आईला फोनवर एकच वाक्य ऐकवत होती: सगळं छान चाललंय.

काय छान चाललं होतं, ते तिचं तिला ठाऊक. साडेसहाला उठायचं, गुडघे टेकायचे, धर्मग्रंथ वाचायचा, क्रियापदं घोकायची आणि मग मोल्दे गावच्या पावसात दारं ठोठावत फिरायचं. लोक सभ्य होते, "नको, धन्यवाद" म्हणून दार हळूच लावायचे. मॉर्मन मिशनवर गेलेली पोरगी म्हणजे श्रद्धा ठासून भरलेली, असा घरच्यांचा समज. हिला मात्र रोज सकाळी एकच प्रश्न पडायचा. आपण बोलतो ते वर कुणी ऐकतं तरी का? विचारायचं कुणाला? जोडीदारीण सिस्टर फीफीता चोवीस तास सोबत असायची, नियमच तसा. पण ती टोंगा बेटांवरची खदाखदा हसणारी मुलगी, शंका हा प्रकार तिला माहीतच नव्हता.

शंकांनी भरलेल्या मार्लीच्या पदरात देवानं गुडनीबाईंना टाकलं. वय चौऱ्याहत्तर, निम्मा जन्म मासळीच्या कारखान्यात गेलेला, जीभ तिखट. पाच महिने त्यांनी या दोघींकडून धडे घेतले, सगळं पटलं, या पंथात वर्ज्य म्हणून कॉफीसुद्धा सोडली. अडलं ते बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी. सातव्या वर्षी त्या धक्क्यावरून समुद्रात पडल्या होत्या. तेव्हापासून डोकं पाण्याखाली म्हणून घातलं नव्हतं.

"आमचा जुना पाद्री वाटीभर पाण्यात भागवायचा. तुम्हाला अख्खी बाई कशाला लागते गं?"

"अख्खीच लागते, आजी. केसाचं टोक वर राहिलं तरी पुन्हा करावं लागतं," मार्ली म्हणाली.

शेवटी एकदा वॅफलवर तपकिरी चीज ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बरं. पण एकदाच. पुन्हा बुडवायचं नाव काढलंत तर तशीच ओल्या अंगानं घरी जाईन, आणि गेल्या गेल्या कॉफी टाकीन."

झालं, मार्लीची झोप उडाली. पांढरा झगा तरंगू नये म्हणून फीफीतानं त्याच्या घेरात मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं शिवली. वेणी घट्ट बांधली. बाप्तिस्म्याच्या शनिवारी सकाळपासून चर्चमधला हौद गरम पाण्यानं भरत होता, तरी पाणी जेमतेम कोमट. दोन बाजूंना दोन साक्षीदार उभे राहिले: इकडे मार्ली, तिकडे फीफीता. पूर्ण बुडालं की नाही ते त्यांनी सांगायचं.

बाप्तिस्मा देणार होते चर्चच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष नेस्से, फेरीबोटीवरचे मेकॅनिक, पाठ दरवाजाएवढी. त्यांनी शब्द म्हटले आणि गुडनीबाईंना मागं झुकवलं. झगा खाली गेला. वेणी गेली. चेहरा गेला. डावा हात मात्र हौदाचा पोलादी कठडा घट्ट धरून राहिला, मनगटापर्यंत कोरडा.

बाई वर आल्या. ठसकल्या, रडल्या, हसल्या. खुर्च्यांवरची दहा-बारा माणसंही हसली. नेस्सेंनी साक्षीदारांकडे पाहिलं. त्यांच्या पाठीआड फीफीताला हात दिसलाच नव्हता. तिनं मान डोलावली.

आता मार्ली. मान डोलावणं तिला जन्मापासून जमत होतं. सांगितलं तर पाच महिने पाण्यात, आणि ही म्हातारी कायमची दुरावणार. गप्प बसलं तर? देव बघत असेल तर त्यानं पाहिलंच. बघत नसेल, तर पाहणारी आपण एकटीच.

"हात वर होता," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही, म्हणून पुन्हा म्हणाली.

"कुणाचा?" गुडनीबाई गुरगुरल्या.

"तुमचा, आजी. डावा."

"तुला कुणी सांगितलं होतं बघायला?"

"त्याचसाठी तर उभी केलीये मला."

गुडनीबाई वळल्या. हौदाबाहेर जाणाऱ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मार्लीला वाटलं, संपलं सगळं, आणि ते मीच संपवलं.

बाई तिथंच थांबल्या. झग्यातून पाणी टपकत होतं.

"कठडा धरलेला मला कळत होता," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी कुणी बोलतंय का. गप्प बसला असतात तर घरी जाऊन कॉफीच टाकली असती." मग नेस्सेंकडे वळून, "हात कुठं ठेवू रे?"

"माझं मनगट धरा."

या खेपेला पाण्यावर काहीच उरलं नाही. दोन्ही बाजूंनी माना हलल्या.

फीफीता टॉवेल घेऊन धावली. गुडनीबाई दात वाजवत वर आल्या आणि मार्लीसमोर थांबल्या.

"आजी, मी..." मार्ली बोलू लागली.

गुडनीबाईंचं लक्ष खाली होतं. मार्लीनं काठावरचा कठडा दोन्ही हातांनी आवळला होता, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. कधी धरला, तिला कळलंही नव्हतं.

बाईंनी त्या हातांवर आपला गार, ओला तळवा ठेवला.

"मी सोडला ना? आता तू सोड."

मार्लीला बोटं उघडायला वेळ लागला.