उकरून पाहिलेली कातडी

जखमेवर लावलेली कातडी रुजली की नाही, हे मी तिसऱ्याच दिवशी पट्टी सोडून पाहिलं.

नडगीत कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसून झालेली ती जखम दोन पावसाळे माझ्यासोबत सुखाने नांदत होती. हळद, कापसाची राख, गावातल्या प्रत्येक शहाण्याचा मलम, सगळं खाऊन ती चांगली पोसली. शेवटी यवतमाळच्या एका दवाखान्यात सर्जननी माझ्या मांडीवरची पातळ कातडी काढली आणि तिचे बारके तुकडे जखमेवर अंतरा-अंतराने मांडले. माझ्या लेखी ही सरळसरळ सरकीची टोबणी, एकेक बी अंतरावर खोचायची.

"पाच दिवस पाय हलवायचा नाही, पट्टीला हात लावायचा नाही. कातडीने खालून रक्त धरलं, तरच ती जगेल," ते म्हणाले.

कापसाच्या वेचणीच्या आत मी उभा झालो नाही, तर सगळं वावर बायकोच्या एकटीच्या गळ्यात पडणार होतं. म्हणून मी मान डोलावली. मान डोलवायला कुठे मेहनत लागते.

पण ती वर्षं भरवसा ठेवायची नव्हती. बियाण्याच्या पिशवीवर नारळाएवढं बोंड छापलेलं, आणि जमिनीतून कोंबही निघत नसे. त्यामुळे पेरलं की माती उकरून मोड पाहायचा, ही सवय हाडात भिनलेली. डॉक्टरांची पिशवी तेवढी खरी, हे कशावरून?

शेजारच्या खाटेवर नेरचे एक मेकॅनिक चाचा होते. मी गाठ सोडायला लागलो तसे ते म्हणाले, "काहून भाऊ, पंक्चर जोडलं का लगेच तुकडा उपटून पाह्यता?"

"निस्ता कोपरा पाहून राह्यलो, चाचा."

कोपरा चिकटला होता. मी अगदी तज्ज्ञाच्या हलक्या हाताने ओढला. कातडीचे तुकडे पट्टीसोबत मुकाट वर आले.

सर्जननी येऊन जखम तपासली आणि सांगितलं. काठावरचे थोडे तुकडे जगले होते. बाकीचे आता दुसऱ्या मांडीवरून काढून पुन्हा लावायचे. म्हणजे वेचणी गेलीच. भाकरीचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोने सगळं ऐकलं.

"उगवलं का नाही, तेच पाह्यलं वं," मी समजावलं.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"डॉक्टरसाहेब, कातडी मंग लावा," ती म्हणाली. "पयले याइचे हात खाटेले बांधा."