उसाच्या रस्त्यावरची लिसनिंग परीक्षा

शांतता ही जागतिक नागरिकाची पहिली भाषा होय, असं आमच्या शाळेच्या फाटकापाशी संगमरवरात कोरलेलं आहे. ती शिळा बसवली तेव्हा हंगाम सुरू झालेला नव्हता. हंगामात त्याच शिळेसमोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात, आणि प्रत्येकावर हळदीची गाणी लावलेली असतात.

आमची शाळा मूळची पुण्याची, नावापुढे ‘इंटरनॅशनल’ असलेली. शाखा बारामती-इंदापूर भागात. मी इथे एक्झाम्स ऑफिसर आहे. म्हणजे परदेशी बोर्डाच्या परीक्षा त्यांच्या नियमांप्रमाणे घेणं हे माझं काम. त्यातली सर्वांत नाजूक परीक्षा लिसनिंगची. बोर्डाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायचं, मुलांनी ऐकून उत्तरं लिहायची. एकदा सुरू केलं की मध्ये थांबवायचं नाही. बाहेर भूकंप झाला तर काय करावं याच्या सूचना आहेत. हळदीच्या गाण्यांबद्दल काही नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या उताऱ्याला ट्रॅक्टरांची रांगच आली. बाकीची मुलं कशीबशी निभावली. आलिया निभावली नाही. तिला एकाच कानाने ऐकू येतं. दोन आवाज एकत्र आले की तिच्यासाठी त्यांचा एकच काला होतो. बोर्डाने तिला पहिल्या बाकावर, स्पीकरजवळ बसायची परवानगी दिली होती, पण त्या आवाजापुढे पहिला बाक आणि शेवटचा बाक सारखेच. तिची ग्रेड एका पायरीने हुकली. पुढच्या कोर्सचा प्रवेश त्या ग्रेडवर होता. कॉलेजने एक वर्ष थांबायची तयारी दाखवली. दोन वर्षं थांबणार नाही, हेही कळवलं.

म्हणून यंदा मी डायरेक्टर सरांकडे लवकर गेले.

“आपण याला इन्स्टिट्यूशनल लेव्हलवर अ‍ॅड्रेस करू,” ते म्हणाले.

त्यांनी कारखान्याला लेटरहेडवर पत्र पाठवलं. शिवाय फाटकाबाहेर ‘सायलेन्स झोन’ची निळी पाटी लावली, इंग्रजीत. पाटीचा खांब मजबूत होता. दोन दिवसांत त्याला कुणीतरी बैल बांधला.

पत्राचं काय झालं ते विचारायला मी कारखान्यात गेले. शेतकी ऑफिसर सभ्य माणूस. चहा मागवला.

“मॅडम, ट्रॅक्टर आमचे नाहीत, ठेकेदारांचे आहेत. आणि तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटतं. रस्ता बंद करा म्हणून मी कुणाला सांगू?”

“रस्ता नको, गाणी बंद करा.”

“गाणी तर मुळीच माझ्या खात्यात येत नाहीत,” ते म्हणाले आणि बिस्किटं पुढे केली.

मग मी आलियाच्या वडिलांना फोन केला. यासीनभाईंचं बारामतीत दुकान आहे. ट्रॅक्टरवर म्युझिक सिस्टीम बसवून देण्याचं. आमच्या रस्त्यावरचे निम्मे सेट त्यांनीच बसवलेले.

“म्हंजे मीच बसवायचं आन् मीच बंद करायचं, व्हय?” ते म्हणाले. “उद्या दुपारी फाट्यावरच्या हाटेलात या, मॅडम. बापू तितं जेवाय थांबतो.”

बापू वरकुट्याचा. ड्रायव्हर लोकांत त्याचा शब्द चालतो. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भाकरी संपेपर्यंत.

“गाणं बंद केलं की झोप येती, मॅडम. आमी पहाटंपास्नं गाडीवर हाय. डोळा लागला आन् ट्रॉली पलटी झाली, तर तुमच्या पोरास्नी त्यो आवाज लई लांबनं ऐकू येईल.”

“मग तेवढा वेळ थांबाल का?”

“थांबलो की नंबर गेला.”

कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे वजन होतं तिथे, जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी. मागच्याने ओलांडलं तर पुढच्याची रात्र यार्डात जाते. हे मला समजत होतं.

यासीनभाई म्हणाले, “बापू, तुझा सेट कुणी बसवला?”

“तुमीच की. वॉरंटी बी दिली हाय.”

“आलिया तुला ठावं हाय. तिचं ह्ये शेवटचं वरीस हाय.”

बापूने हात धुतले. “समदेच थांबले तर नंबर कुणाचाच जात न्हाय,” तो म्हणाला. “शाळंच्या अलीकडचा कालव्याचा पूल अरुंद हाय. तितं माझी ट्रॉली पंचर झाली तर मोटारी, फटफट्या जातील. दोन ट्रॉल्यांचं धूड काय जायचं न्हाय.”

“पण पंक्चर होईल कशावरनं?” मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग बापू यासीनभाईंना म्हणाला, “हंगाम सरल्यावर मला बेसवाला मोठा सेट पायजे. फुकाट.”

“दिला.”

परीक्षेच्या दिवशी डायरेक्टर सर सूट घालून आले आणि शांततेच्या महत्त्वावर माइकवरून बोलले. मग मुलं हॉलमध्ये गेली. आलिया पहिल्या बाकावर, चांगला कान स्पीकरकडे करून. रस्त्यावर काही नव्हतं. पहिला उतारा झाला, दुसरा झाला. इतकी शांतता या हॉलने बांधल्यापासून ऐकली नसेल.

तिसरा उतारा सुरू झाला आणि ट्रॅक्टर आला. स्पष्ट, जड, घरघरत.

सुपरव्हायझरला खूण करून मी बाहेर आले. फाटकापर्यंत पळाले. रस्ता रिकामा. पाटीखाली बैल रवंथ करत होता. मी यासीनभाईंना फोन लावला.

“कुणाला सोडलं?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“कुणालाच न्हाय. बापू चाक काढून त्याच्यावरच बसलाय. मागं ही रांग लागली हाय. मागचे इचारत्यात, पंचर हाय का लगीन हाय. मी समद्यांना चहा सांगितलाय.”

तेवढ्यात पायऱ्यांवरून डायरेक्टर सरांचा आवाज आला. त्यांनीही ट्रॅक्टर ऐकला होता, आणि ते कारखान्यातल्या कुणाला तरी फोनवर मोठमोठ्याने आपल्या पत्राबद्दल सुनावत होते. मी त्यांना हाताने गप्प केलं. नोकरीत पहिल्यांदाच.

हॉलमध्ये परतले तेव्हा ट्रॅक्टर बंद झाला होता आणि एक इंग्रज शेतकरी मुलाखत देत होता. आवाज रेकॉर्डिंगमधलाच होता. प्रसंग जिवंत वाटावा म्हणून बोर्डाने ट्रॅक्टर मुद्दाम घातला होता, आणि तो मुलाखतीच्या पहिल्या दोन उत्तरांवरून गेला होता.

दोन आवाज एकत्र. मी आलियाकडे पाहिलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

पेपर संपल्यावर ती माझ्याकडे आली.

“तो ट्रॅक्टर टेपमधला होता?” तिने विचारलं.

“हो. काही ऐकू आलं का गं त्याच्याखालचं?”

“आलं थोडं. मला वाटलं बाहेरचाच आहे. पण गाणं नव्हतं ना त्याच्यावर. नुसत्या ट्रॅक्टरमधनं माणूस ऐकू येतो, मॅडम. अब्बांच्या दुकानात रोज तेच ऐकते.”

निकाल लागला. ग्रेड मिळाली. यंदा ती कोर्सला गेली.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की आवाज बंद करायचा असेल तर तो बसवणाऱ्याला आधी भेटावं. पत्र नंतर पाठवलं तरी चालतं.

यासीनभाईंनी शब्द पाळला. बापूच्या ट्रॅक्टरवर नवा सेट बसला आहे. तो फाटकासमोरून पहिल्यांदा गेला त्याच दिवशी शांततेच्या शिळेचा खालचा डावा कोपरा निखळला. सध्या तो एम-सीलने चिकटवलेला आहे.