रेडिओ मावशींचा श्रोता

वॉर्डातल्या मावशींना सगळं इस्पितळ रेडिओ म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फरशी पुसताना, चादरी बदलताना त्यांचं तोंड चालूच. पण नाग चावलेला पेशंट आला की डॉक्टरसुद्धा त्यांना गप्प करत नसत. नागाच्या विषाने माणसाच्या पापण्या मिटतात, जीभ जड होते, बोट हलत नाही, श्वाससुद्धा यंत्राने द्यावा लागतो. बघणाऱ्याला वाटतं, आटोपलं. मग नातेवाईक तिथेच उशाशी गळा काढतात, नाहीतर घर कोणाला यावरून भांडतात. मावशी त्यांना फैलावर घ्यायच्या. त्याला सगळं ऐकू येतंय, औषधाने विष उतरेल, तोवर जरा बरं बोला. मग अंगठ्याने पेशंटची पापणी वर उचलून त्याला त्याची माणसं दाखवायच्या.

घरी मात्र या रेडिओला श्रोता नव्हता. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला, आणि बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. जेवताना मावशी वॉर्डातलं सगळं सांगायच्या. चावलं तिथे चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, हात हलू द्यायचा नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. तो वर्तमानपत्र आणखी वर धरायचा. यांच्यापेक्षा भिंत बरी, असं मावशी शेजारणीला सांगत.

एका दुपारी फळ्यांच्या थप्पीतून नाग निघाला आणि त्याच्या हाताला डसला. सोबतचे दोरी घेऊन धावले, पण त्याने ती आवळू दिली नाही. हात एका फळीला सैलसर बांधून घेतला आणि शांतपणे रिक्षात बसला. म्हणजे भिंतीला कान होते तर! इस्पितळात पोचेपर्यंत त्याच्या पापण्या मिटत आल्या होत्या. विषावरचं औषध सुरू झालं, पण श्वास अडकू लागला, तेव्हा घशात नळी घालून यंत्र लावलं.

मावशी पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांना बोला म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. त्याची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती आणि त्या नुसत्या बघत होत्या. या घुम्या माणसावर आपला किती जीव आहे, हे त्यांना त्याच दिवशी कळलं. अर्धा तास असाच गेला. शेवटी डॉक्टरीणबाई जवळ आल्या.

"मावशी, ऐकतायत ते. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

मावशींनी अंगठ्याने त्याची पापणी उचलली. "अहो, मी आहे इथे," एवढंच आधी आलं. मग मोरीतला नळ गळतोय, शेजारणीने डबा अजून परत केला नाही, असं करत गाडी रुळावर आली ती दोन दिवस थांबली नाही. नर्स आळीपाळीने त्यांना पाणी आणून देत होत्या. मधेच, नळाबद्दल बोलता बोलता, त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मी बोलू कोणाशी?" आणि परत नळावर आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली. आता हा पहिलं ‘गप्प बस’ म्हणणार, याची वॉर्डात सगळ्यांना खात्रीच होती. नर्स तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आधी बोलत का नव्हतीस? आजूबाजूला सगळे बोलत होते, तुझाच आवाज येईना. मला वाटलं, मी मेलो."

मावशींचा हात चादरीवरच थांबला.

त्याने चाचपडत त्यांचा हात धरला. "बोल की गं," तो म्हणाला.