हरणाऱ्यांच्या बाकावरचा माणूस

माझ्या हॉस्टेलच्या रूम पार्टनरने जन्मात कधी जिंकणाऱ्याची बाजू घेतली नाही. कोण हरतंय हे कळायला आम्हाला गुणफलकाकडे बघावं लागत नसे. हा कुठे बसला आहे ते पाहिलं की पुरे. कॉमन रूममध्ये क्रिकेट लावलं आणि भारत जिंकायला लागला, की याचा जीव समोरच्यांच्या शेवटच्या फलंदाजात अडकायचा, आणि त्यापायी आम्ही त्याला कितीदा तरी बाहेर काढलं. कॅरममध्ये स्वतःच पुढे गेला तर राणी मुद्दाम चुकवायचा आणि वर खुशाल हळहळायचा. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याचे काका भरती होते, तेव्हा आम्ही पपई घेऊन भेटायला गेलो. काकांच्या खाटेभोवती नातेवाइकांची जत्रा. याने एकदा चौफेर पाहिलं आणि शेजारच्या खाटेवर एकट्याच पडलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला. पपईही अर्थात तिकडेच गेली. काका अजून तो विषय काढतात.

वडील कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला, घरचं सगळं ठीक, तेव्हा हे खूळ त्याने कुठून उचललं कोण जाणे. विचारलं तर म्हणे, "जितणाऱ्याच्या मांगं त सारेच रायतेत गा. हारणाऱ्यापाशी कोणी बसाले पाहिजे का नाही?" यात त्याचा प्रामाणिकपणा असा, की सामना पालटला की हाही पालटायचा. कॉलेजच्या सामन्यांत तर तो चपला हातात घेऊन या बाजूच्या बाकांवरून त्या बाजूला पळायचा आणि बरोबरी झाली की मधल्या फाटकात उभा राहायचा. पोरं त्याला शिव्या घालत, पण खेळणारे मात्र, कोण पुढे आहे ते कळावं म्हणून, त्याच्यावर नजर ठेवून असत.

सर्वांत जास्त नजर असायची ती आमच्या गोलकीपरची. हा लडाखचा, आम्हाला ज्युनियर. गावी गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळून मोठा झालेला. नागपुरात बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर मिळतो म्हटल्यावर बिचारा चाकांच्या बुटांवर, चकतीने खेळायच्या हॉकीत शिरला. मराठी तो आमच्या या पार्टनरकडून शिकला, त्यामुळे तोंडात सारखं 'काहून' आणि 'गा'. दोघांचं मेतकूट असं, की एकाला ताप आला तर दुसरा मेसमध्ये जेवायचा नाही. पण गणिताने पोराला रडवलं, घरची ओढ लागली, आणि शेवटी वडिलांनी लेहच्या कॉलेजात नाव घालून त्याला परत बोलावलं. आंतरकॉलेज फायनलच्या दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. "इथून एक कप तरी घेऊन जाईन गा," असं तो आठवडाभर म्हणत होता.

त्या संध्याकाळी आम्ही सगळं हॉस्टेल रिंकवर नेलं. आमची टीम एका गोलने मागे होती, म्हणून पार्टनर शिरस्त्याप्रमाणे माझ्याशेजारी. सामना संपत आला आणि आमच्या पोरांनी पाठोपाठ दोन गोल मारले. दोन्हींवर भांडण झालं, पंचांभोवती गराडा पडला. अखेर दोन्ही गोल मिळाले, पण भोंग्यातून नुसती खरखर, आणि फलक नेमका गोलकीपरच्या पाठीमागे. पलीकडच्या टोकाला उभ्या त्या पोराने नेहमीसारखी मान वळवून आमच्या बाकांकडे पाहिलं.

पार्टनर जागचा हलला नव्हता. मी त्याला कोपराने ढोसलं, "अरे, आपण पुढे आहोत. जा ना तिकडे!" त्याने ऐकलंच नाही.

पोराला वाटलं, दोन्ही गोल रद्द झाले, आपण अजून हरतोय. मग त्याने गोल मोकळा टाकला आणि स्टिक उगारून स्वतःच हल्ल्याला धावला. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. समोरच्यांनी एकदा चकती मोकळ्या गोलात सारली आणि तो धापा टाकत परतला त्या गोंधळात पुन्हा एकदा. शिट्टी वाजली. कप गेला.

हेल्मेट काढून, घामाने निथळत तो सरळ आमच्याकडे आला. "काहून नाही गेला गा तिकडं?"

"पायाले मुंग्या आल्या होत्या," पार्टनर म्हणाला. पोरगा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. परतताना पार्टनर मला म्हणाला, "उद्यापासून तो तिकडं अन् मी इकडं. आजच्या दिवस त्याच्या बाजूनं बसाचं होतं गा. आज कसा उठू?" त्याच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, ते मला जमलं नाही.

आता पार्टनर कोराडीतच नोकरी करतो. पोरगा लेहला कॉलेजकडून खऱ्या बर्फावर गोल राखतो आणि फोनवर बोलावत असतो. दर हिवाळ्यात हा जातो जातो म्हणतो आणि सुटीचं काहीतरी आडवं येतं. परवा भेटला तेव्हा लोकरीची टोपी दाखवली. मी गमतीने विचारलं, "गेलास तर बसशील कुठे?"

तो हसला नाही. याचा त्याने आधीच विचार करून ठेवलेला दिसला.

"गोलच्या मांगं," तो म्हणाला. "तिथून मी त्याले दिसणार नाही."